एकशे बारा बिळं

ओढा सोमवारी उचलणार होते. पाण्यासकट, गाळासकट, बेडकांसकट उचलून दोन जिल्हे पलीकडे, सरकारनं आखलेल्या जागी जसाच्या तसा मांडणार होते. इथं कारखाना यायचा होता, आणि एक ओढा बुजवला की दुसरीकडे एक जिवंत दाखवायचा, असा राज्याचा नवा नियम होता.

गोमी हिलमला हे आदल्या दिवशी कळलं. तिथल्या जिवांची सरकारी यादी करायला आलेल्या सरवदे मॅडमना महिनाभर तिनंच ओढा फिरवून दाखवला होता. खेकडे धरण्यात तिची हयात गेली होती. फक्त पोटाशी अंडी असलेल्या मादीला तिनं कधी हात लावला नव्हता. "यादीत आलं ते वाचलं," असं मॅडम म्हणाल्या, म्हणून तिनं खेकड्यांच्या एकशे बारा बिळांपैकी एकही लपवलं नाही.

"यादीत काय काय घेता तुमी?" तिनं आता विचारलं.

"ओढ्याशिवाय जे जगत नाही ते सगळं, मावशी."

"मग मला लिवा."

मॅडम हसल्या नाहीत. त्यांनी टॅबवर खरंच तिचं नाव भरलं. लगेच आलेलं उत्तर त्यांनी खालच्या आवाजात वाचलं, "नामंजूर. हा जीव कुठंही जगू शकतो."

मंगळवारी ओढ्याच्या जागी चौकोनी खड्डा होता. गोमी टोपली घेऊन काठावर बसली आणि जिथं जिथं बीळ होतं तिथं बोट दाखवत मोजत गेली. एकशे बारा झाली. मग तिनं बोट स्वतःच्या छातीवर टेकवलं आणि म्हणाली, "एकशे तेरा."