बाहेरची प्रत

मुकुंद सरांच्या हुकमावरून चारुतानं पडेगावच्या ऑफिसात कंपनीची स्वतःची रजिस्ट्री उभी केली. म्हणजे कंपनीच्या सगळ्या सॉफ्टवेअरच्या इमेज, थेट चालू करता येतील अशा तयार प्रती, ठेवायचं गोदाम. ते गोदाम चालवणाऱ्या प्रोग्रॅमची इमेजही सरांनी त्याच गोदामात ठेवायला लावली.

"सर, हिची एक प्रत तरी बाहेर असू द्या. ही तर गोदामाची किल्ली गोदामातच कोंडल्यासारखं झालं."

"चारुताबाई, सर्व्हर सांभाळून वीस वर्षं झाली मला. बाहेर प्रत सापडली, तर घरी बसायचं," सर म्हणाले आणि त्यांनी तिच्याकडं न बघताच चहा मागवला.

शुक्रवारी वीज गेली आणि बंद पडलेलं गोदाम पुन्हा उघडेचना. पैठणच्या गिऱ्हाइकाचे फोनवर फोन येऊ लागले. सर घाम पुसत तिच्या खुर्चीमागं येऊन उभे राहिले. "काहीतरी कर गं बाई."

चारुतानं पर्समधून पेन ड्राइव्ह काढला. दहा मिनिटांत सगळं सुरू झालं.

सोमवारी तिच्या टेबलावर सरांच्या सहीची नोटीस होती: कंपनीची प्रत विनापरवानगी बाहेर ठेवल्याबद्दल खुलासा द्यावा, आणि ती प्रत आजच गोदामात जमा करून पेन ड्राइव्ह कोरा करावा.