बदलीचा मुलगा

“चष्मा काढा,” सून स्वयंपाकघरातच हळू आवाजात म्हणाली. “ह्यांना चष्मा नव्हता.”

“पण आईंना दिसत नाही ना?”

“दांडीचा आवाज होतो. कान तिखट आहेत त्यांचे.”

नटानं मुकाट्यानं चष्मा खिशात घातला. दर वेळी चष्म्यावाचून त्याची नडगी आईंच्या खोलीतल्या स्टुलावर आपटायची.

मालिकेतली थोरल्या भावाची भूमिका त्याला आयती मिळाली होती. ती आधी करायचा तो या घरातला मुलगा. लांबच्या शूटिंगला गेला आणि तिथंच झोपेत गेला. अंत्यविधीही तिकडंच उरकला. मालिकेतला भाऊ काही दिवस ‘कामानिमित्त बाहेर’ राहिला आणि वेगळं नाक घेऊन घरी परतला. कुणी हूं की चूं केलं नाही.

तोवर या नटाच्या वाट्याला सिनेमातले इन्स्पेक्टर यायचे, नायकानं सगळं निस्तरल्यावर पोचणारे. नाहीतर मालिकांमधले मान हलवणारे डॉक्टर. आवाज मात्र गेलेल्याशी बराच जुळत होता. म्हणून तर सून सेटवर त्याला शोधत आली होती. सासूबाईंना दिसत नाही, त्यांचं हृदय नाजूक, मुलगा गेल्याचं त्यांना सांगितलेलं नाही. रविवारी येऊन थोडं बोलाल का?

एखाद्याची जागा घेतल्याची बोच असतेच. तो यायला लागला.

आज मात्र तो शेवटचा आला होता.

“सिनेमा मिळालाय,” तो म्हणाला. “पहिल्यापासून शेवटपर्यंत जिवंत राहतो मी त्यात. वर्षभर बाहेरगावी मुक्काम आहे.”

सून कोरडं ताट पुन्हा पुसत राहिली. “आई खचतील.”

“लांब कामाला जातोय, असंच सांगतो. खोटं तरी नाही.”

“आणि परत आला नाहीत, तर मी काय सांगू?”

तो खोलीकडे वळला. लिहून दिल्याशिवाय त्याला उत्तर सहसा सुचत नसे.

खोलीत शिरताना नडगी आपटलीच.

“आलास?” आई पलंगावरून म्हणाली. “स्टूल जागेवर आहे ना?”

“आहे. माझ्यापेक्षा मजबूत आहे.”

आई हसली. तो नेहमीच्या खुर्चीवर, पलंगापासून जरा लांब बसला. इतक्या दिवसांत आईनं एकदाही हात पुढं केला नव्हता, हे त्याचं नशीबच. हात हातात घेतला असता, तर बिंग फुटलं असतं.

सून केस विंचरून आली आणि दाराच्या चौकटीला टेकून उभी राहिली. ती नेहमी तिथंच उभी राहायची. कुठं चुकलं तर खुणावता यावं म्हणून, असं तिनंच सांगितलं होतं. चुकला तरी ती खुणावत नसे.

“डायरेक्टर अजून ओरडतो का रे?”

“ओरडतो. हल्ली बाकीच्यांवरही ओरडतो, तेवढं बरं.”

“ही जेवलीये का?” हा आईचा ठरलेला प्रश्न. “तिला घेऊन बस पाहू आधी.”

तिघं तिथंच जेवली. सुनेनं भात दोनदा घेतला. ताटं बाजूला झाल्यावर नटानं घसा साफ केला.

“आई, मला लांब जायचंय. वर्ष तरी लागेल.”

दारात सुनेच्या हातातली ताटं एकमेकांवर वाजली. आईचा चेहरा त्याच्याकडे वळलाच नाही, त्या आवाजाकडे वळला.

“बाळ, प्यायला पाणी आण गं,” ती म्हणाली. “कोमट करून आण.”

सून गेली. आतून गॅस पेटल्याचा आवाज आला. मग आईनं हात पुढं केला, चाचपडत त्याचा हात शोधला आणि घट्ट धरला. आता सगळं संपलं, असं त्याला वाटलं.

“काम छान करता हो तुम्ही,” ती कुजबुजली. “माझ्या मुलाचा आवाज जरा घोगरा होता, एवढंच. तो गेला, हे मला त्याच रात्री कळलं. भिंतीपलीकडून ही रडताना ऐकू आली. तिला यातलं काही बोलू नका. पण महिन्यातून एकदा तरी या. तुम्ही येता त्या दिवशीच ती पोटभर जेवते.”