घरातलं बोलणं

वत्सलाबाईंनी आज बांगड्याच्या तिखल्यात मुद्दाम मीठ घातलं नाही. मास्तरांनी पहिला घास खाल्ला, आणि त्यांच्या कानामागची वाचापट्टी त्यांच्याच आवाजात बोलली, “भोजनात मिठाचे प्रमाण किंचित कमी आहे. तरी आपल्या परिश्रमांबद्दल मी आभारी आहे.”

“जेवताय की बक्षीस समारंभाला आलाय?” वत्सलाबाई करवादल्या.

अपस्माराच्या दर झटक्यासरशी मास्तरांचे शब्द थोडे थोडे गेले होते. पट्टीला त्यांच्या मनातलं कळायचं, पण ती बोलायची जुन्या ध्वनिफितींवरून शिकलेल्या भाषेत. डॉक्टरांनी फिती मागितल्या तेव्हा वत्सलाबाईंनीच शाळेतली उत्तम उत्तम भाषणं निवडून दिली होती. घरातल्या भांडणाचीही एक फीत होती. मास्तरांचं मालवणीतलं ते ओरडणं परक्यांना काय ऐकवायचं, म्हणून त्यांनी ती पुसून टाकली.

त्याला दोन वर्षं झाली. तेव्हापासून वत्सलाबाईंवर कुणी ओरडलं नव्हतं.

वत्सलाबाईंनी हात लांब करून पट्टी काढून घेतली. मास्तरांनी दुसरा घास घेतला, तोंड वाकडं केलं आणि ताट धाडकन पुढे सरकवलं.

“काय गो...”

इतकंच आलं. पुढचा शब्द काही केल्या सापडेना. मास्तर कासावीस झाले.

वत्सलाबाईंनी त्यांचा उष्टा हात दोन्ही हातांत धरला.

“ऱ्हवांदे,” त्या म्हणाल्या. “फुडचा माका सगळा पाठ आसा.”