आईच्या खोलीचं दार

"सांगा साहेब, आधी कशाला हात घालायचा?" भिंतीवर टिचकी मारत मिस्त्रीने विचारलं. जुन्या घराचं असंच असतं, एकाचे लाड करावेत तर दुसरं रुसून बसतं. बायको म्हणाली स्वयंपाकघर, तो म्हणाला गळकी गच्ची. बराच वेळ ओढाताण चालली.

"आणि आईंची खोली?" बायकोने विचारलं.

"ती शेवटी. आईची काही तक्रार नसते," असं म्हणत त्याने दार ढकललं आणि मिस्त्रीला आत नेलं.

खोलीत कुणी दिसेना. कपाटाचं दार मात्र सताड उघडं होतं आणि त्याच्याखाली आईची पावलं दिसत होती.

"अगं आई, तिथे काय करतेस?"

"कपडे बदलतेय रे."

मिस्त्री तोंड फिरवून बाहेर सटकला.

मुलाची नजर खोलीच्या दाराच्या आतल्या बाजूला गेली. कडीच्या जागी नुसती भोकं होती. आईला चक्कर आली होती तेव्हा त्यानेच ती कडी काढली होती. बंद दाराआड पडली तर कळायचं कसं? मुलगा असावा तर असा, म्हणाले होते सगळे. त्यालाही ते गोड वाटलं होतं. पुढे आई खडखडीत बरी झाली, पण कडी परत लावायचं कुणाच्या मनातही आलं नाही.

त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं. "इतकी वर्षं बोलली का नाहीस?"

"तुम्ही आपले कामात असता. आणि कपाटाला दार आहे की," कपाट लावून घेत आई म्हणाली.

हत्यारांच्या पेटीच्या तळाशी कडी सापडली. मिस्त्री पुढे आला, पण मुलाने त्याला हात लावू दिला नाही. जुन्या भोकांत स्क्रू धरेनात, तेव्हा काडेपेटीतल्या काड्या कोंबून त्याने ते पिळून घट्ट बसवले.

"अहो, पण पुन्हा चक्कर आली तर?" बायको काळजीने म्हणाली.

"तर तोडा दार," आई म्हणाली. "नाहीतरी तोडफोड काढलीच आहे ना?"

संध्याकाळी चहाला बोलवायला तो गेला. सवयीने दार ढकललं, ते उघडलं नाही. मग त्याने हलकेच टकटक केली.

"कोण आहे?"

"मी."

"थांब."

तो दाराबाहेर थांबला. आत कसलीही घाई नव्हती.