गोणपाटाचं लपण

"बाबा, मी कितवीत आहे?"

हिमानी आणि रुचा या शाळेतल्या मैत्रिणींनी पैज लावली होती, "घर में बस इतना पूछ के दिखा." बरोबर उत्तर मिळालं तर लंका चौकातली कचौडी-जलेबी मिळणार होती, म्हणून मी उड्या मारतच घरी आले. बाबा व्हरांड्यात पेपर वाचत होते. वर न बघता म्हणाले, "नववीत." शेजारी आई भेंडी चिरत होती, तिनंही चूक काढली नाही.

मी अकरावीत आहे. नववीत होते तेव्हा केयूरदादा काविळीनं गेला.

कॅमेरा घेऊन मी क्वार्टरच्या मागच्या बागेत गेले. तिथे पेरूखाली दादानं पक्ष्यांचे फोटो काढायला गोणपाटाचं लपण बांधलंय. युक्तीही त्याचीच. दोघांनी आत शिरायचं, मग त्यानं शीळ घालत एकट्यानं बाहेर पडायचं. "चिडियों को गिनती नहीं आती, बकुळ," तो म्हणायचा. एक जण गेलेला दिसला की पक्ष्यांना वाटतं, आता आत कुणीच नाही. मग बुलबुल, दयाळ अगदी हाताशी यायचे आणि मी श्वास रोखून बसायचे.

आज आत एकटीच बराच वेळ बसले. एकही फोटो काढला नाही. मग गाठी सोडून गोणपाट उतरवलं, घडी केली आणि व्हरांड्यात आई-बाबांच्या मध्ये नेऊन ठेवलं.



"आई, बाबा, दादा गेला, पण मी अजून आत आहे. आजपासून मी लपून बसणार नाही."