शेकोटीवरची तुळई

एदुविना भिंतीतल्या नव्या दगडी शेकोटीत डोकं घालून उताणी पडली होती. तुळईच्या खालच्या अंगावर चुन्याचे शिंतोडे राहिले होते. ओल्या फडक्यानं ते पुसता पुसता तिचा हात थांबला.

सात खिळे. तांब्याचे. सगळे एकाच बाजूला वाकलेले, डावखुऱ्या माणसानं घाईत ठोकले की वाकतात तसे.

हे खिळे तिनं स्वतः ठोकले होते, आचाओच्या किनाऱ्यावर, लग्नानंतरच्या पहिल्या उन्हाळ्यात. तिचा नवरा ओनोफ्रे होडीचा कणा धरून हसत होता. "खिळे ठोकतेस की डास मारतेस?"

ती बाहेर आली. केसांत चुना.

"बाई, हे लाकूड कुठलं?"

बेर्नार्दिताबाई सांतियागोच्या दातांच्या डॉक्टर. सुट्टीत राहायला हे घर त्यांनी गेल्या वर्षी घेतलं होतं आणि एदुविना तिथं साफसफाईला यायची. जुनी लोखंडी शेगडी काढून तिथं त्यांनी दगडी शेकोटी बांधून घेतली होती.

"छान आहे ना? जुन्या होडीचं आहे. आंकुदच्या वखारीतून मागवलं. रेमिहिओ म्हणाला, शंभर वर्षं हलणार नाही."

रेमिहिओ म्हणजे एदुविनाचा धाकटा दीर. शेकोटी त्यानंच बांधली होती.

सात वर्षांपूर्वी ओनोफ्रे एकटाच मासेमारीला गेला आणि धुक्यात दिसेनासा झाला. ना होडी मिळाली, ना प्रेत. तिसऱ्या दिवशी रेमिहिओनं शोधायला गेलेल्या होड्या माघारी वळवल्या. "आता काही उपयोग नाही, वहिनी." त्या दिवसापासून तिनं त्याला भाऊजी म्हणणं सोडलं. दर हिवाळ्यात तो तिच्या कुंपणाशी फोडलेल्या लाकडांची गाडी रिकामी करून जायचा. ती त्यातली एक ढलपीही घरात नेत नसे, सगळं शेजारणीला देऊन टाकायची. त्याचा चेहरा समोर आला तरी तिचं पित्त खवळायचं.

तो अंगणात फरशी बसवत होता. ती तरातरा त्याच्यापुढे जाऊन उभी राहिली.

"ए गवंड्या! होडी कुठं सापडली तुला?"

"कुठली होडी, वहिनी?"

"वहिनी म्हणू नकोस. माझ्या नवऱ्याची होडी! तिसऱ्या दिवशी सगळ्यांना माघारी वळवलंस, आणि चौथ्या दिवशी गुपचूप एकटा जाऊन घेऊन आलास ना? आत कोण होतं? त्याचं काय केलंस?"

 रेमिहिओ आत जाऊन तुळईखाली वाकला. बराच वेळ वाकलेलाच राहिला. वर उठला तेव्हा त्याचा रंग उतरला होता.

"खिळे तुमचेच आहेत," तो म्हणाला. "पण वहिनी, पाण्याखाली राहिलेलं लाकूड असं नसतं. किडा त्याची चाळणी करून टाकतो. हे बघा, यात नखसुद्धा रुतत नाही."

"म्हणजे बुडालीच नाही! आधीच ताब्यात घेतलीस. आणि त्याला पाण्यात ढकललंस."

"वहिनी!"

"आणि वर ती माझ्याच डोळ्यांपुढे बसवलीस. रोज पुसायला!"

"लाकूड बाईंनी फोनवर मागवलं. ट्रकनं आलं, मी बसवलं. त्या वखारीत मी जन्मात पाऊल ठेवलेलं नाही."

"खोटं."

सात वर्षं गिळलेलं सगळं रेमिहिओच्या चेहऱ्यावर आलं. त्यानं हातातली थापी बादलीत फेकली. पाणी भिंतीपर्यंत उडालं.

"चला. आत्ताच्या आत्ता चला. वखारवाल्याच्या तोंडून ऐका. आणि मी खरा निघालो तर..."

"तर काय?"

"तर एकदा मला भाऊजी म्हणा. बास."

आधी बस, मग फेरीबोट, मग पुन्हा बस. ती पुढच्या बाकावर बसली, तो मागच्या. तिनं मनाशी पक्कं केलं होतं. वखारीतून तडक पोलिसांत. मग बाजारात, चर्चच्या दारात, जिथं माणूस भेटेल तिथं.

वखारीचा मालक ताडेओ चष्मा कपाळावर चढवून फळ्या मोजत होता. रेमिहिओला बघून तो तोंडभर हसला.

"या, या! आणखी फळ्या आणल्यात? मागचा कणा हातोहात गेला बघा!"

रेमिहिओ जागच्या जागी थिजला. "तुम्ही... मला ओळखता?"

"म्हणजे काय! चार महिन्यांपूर्वी इथंच उभे होतात की. किमतीवरून तासभर वाद घातलात माझ्याशी."

एदुविनाचा डावा हात उठला. थोबाडीत बसली तशी रेमिहिओची टोपी लाकडाच्या भुशात जाऊन पडली.

"जन्मात पाऊल ठेवलेलं नाही काय? मेल्या!" तिनं त्याची कॉलर धरली. "होडी विकलीस! सख्ख्या भावाच्या जिवावर उठलास! सात वर्षं मी मेणबत्त्या लावतेय, आणि तू लाकडं आणून टाकत होतास माझ्या दारात? कसली लाकडं? पापाची?"

त्यानं कॉलर सोडवली नाही. तिच्याकडे बघितलंही नाही. तो वखारवाल्याकडेच बघत होता.

"चष्मा लावा," तो म्हणाला. "देवाची शपथ आहे तुम्हाला. चष्मा लावून नीट बघा माझ्याकडे."

ताडेओनं चष्मा डोळ्यांवर ओढला. दोन पावलं पुढे आला. आधी त्याच्याकडे बघितलं, मग तिच्याकडे, मग पुन्हा त्याच्याकडे.

"अरेच्चा! माफ करा हो, माझीच चूक," तो म्हणाला. "चेहरा अगदी तोच, पण तो माणूस तुमच्याहून थोराड आहे. पलीकडे माउयिनला असतो. स्वतः बांधलेली होडी मोडताना जिवावर आलं होतं बिचाऱ्याच्या. पण तीन पोरं झाली, आता जुनीत सगळी मावत नाहीत, म्हणाला."