वरून हुकूम आहे

परदेशातल्या छावणीत येऊन तिला सात महिने झाले, पण गेटबाहेरचा रस्ता काही तिने पाहिला नव्हता. "नव्या कुटुंबांना वर्षभर बाहेर जायला बंदी. वरून हुकूम आहे गं, माझे हात बांधलेत," असं मेजर नवरा रोज बूट चढवता चढवता सांगायचा. आई फोनवर म्हणायची, "नशीब काढलंस पोरी, फॉरेन बघतेस!"

सोमवारी शेजारी नवं जोडपं राहायला आलं आणि मंगळवारी त्यातली बायको पिशवीभर भाजी घेऊन बाजारातून परतली. ही तणतणत गेटवर गेली. "हिला सोडता आणि मला का नाही?"

"बंदी तुम्हाला एकटीलाच आहे, वहिनी," म्हणत पहारेकऱ्याने मान खाली घालून कागद पुढे केला.

 

सही त्याच बांधलेल्या हातांची होती.